तेजानो, तेहानो की टेक्सासकर?

ह्यूस्टनमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी बाईंचा प्रश्न आहे. ऑस्टिनला टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारात २०१२ साली उभारलेलं ‘तेहानो स्मारक’ (तेहानो म्हणजे टेक्सासमधले मेक्सिकन वंशाचे लोक) त्या पाहून आल्या आणि त्यावर मराठीत लिहायला बसल्या. शब्द ‘तेजानो’ लिहावा की ‘तेहानो’? आणि पुणेकर-नागपूरकरांसारखं सरळ ‘टेक्सासकर’ म्हटलं तर चालेल का?

आधी उच्चार. स्पॅनिशमधला ‘जे’ हा आपला ज नव्हे. तो घशातून येतो, ह आणि ख यांच्या मधला. तिकडे ऐकू येतो तो ह. तेव्हा ‘तेहानो’, आणि त दंत्यच, ट नको. गंमत म्हणजे टेक्सास आणि तेहानो एकाच घरातले आहेत. मूळ शब्द तिथल्या मूळ रहिवासी कॅडो लोकांचा, ‘तायशा’च्या जवळपासचा, अर्थ ‘मित्र’. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘एक्स’ हे अक्षर श साठी होतं, म्हणून त्यांनी तो एक्सने लिहिला. पुढे स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या तोंडी त्या श चा ह झाला आणि १८१५ साली स्पॅनिश अकादमीने अशा जागी ‘जे’ लिहायचा नियम केला. इंग्रजी बोलणारे आले त्यांनी मात्र कागदावरचा एक्स वाचला, म्हणून टेक्सास. (मराठीत ‘तेहानो’ कानाला ‘मित्रांनो’सारखी हाक वाटते. योगायोगच, पण मला आवडला.)

हा घोळ फक्त उच्चाराचा नाही. जुने कागद चाळणाऱ्याला तो रोज छळतो. हिमेनेस हे आडनाव एका कागदावर एक्सने, दुसऱ्यावर जेने, तिसऱ्यावर जीने. सॅन अँटोनियोचं जुनं नाव सान अंतोनियो दे बेहार. त्यातल्या ‘बेहार’चीही तीच तऱ्हा. आज तिथल्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव लिहितात एक्स घालून आणि म्हणतात ‘बेअर’. एकाच स्पेलिंगवर विसंबून शोधलंत तर अर्धा माणूस हाती लागतो.

आता ‘टेक्सासकर’. माझं मत: नको. ‘कर’ राहण्याचं ठिकाण सांगतो. त्या हिशेबाने प्रश्न विचारणाऱ्या बाईही टेक्सासकर आहेत, पण तेहानो नाहीत. आज तेहानो म्हणजे मेक्सिकन वंशाचा टेक्सासवासी. आणि आरंभीचे तेहानो तर स्पेनच्या आणि नंतर मेक्सिकोच्या अमलापासून तिथे होते. ते कुठे गेले नाहीत, सरहद्द त्यांच्यावरून पलीकडे गेली. मेक्सिकोच्या काळात कोआविला आणि तेहास (म्हणजेच टेक्सास) मिळून एक राज्य होतं, तेव्हा ‘कोआविलतेहानो’ असाही जोडशब्द चाले.

त्यांचा इतिहास टिकला तो मुख्यतः बेहारच्या कागदांमुळे. अडीच लाखांहून अधिक हस्तलिखित पानं, १७१७ ते १८३६ या काळातली: गव्हर्नरांचा पत्रव्यवहार, शिपायांच्या हजेऱ्या, खटले, फर्मानं. १८९९ मध्ये काउंटीने ती ऑस्टिनच्या विद्यापीठाकडे सोपवली. याला मराठीत ‘अभिलेखागार’ म्हणता येईल, पण मी ‘बेहार दप्तर’ म्हणेन. हे कुणी इतिहासासाठी जमवलेलं नाही, कचेरीच्या रोजच्या कामात साचलेलं आहे. पेशवे दप्तर म्हणतो तसंच.

चरित्र लिहिताना मराठीचा एक फायदाही होतो. टेक्सास मेक्सिकोपासून वेगळं झालं तेव्हाच्या, १८३६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर टेक्सासमध्ये जन्मलेल्या दोघांच्याच सह्या आहेत: होसे अंतोनियो नावारो आणि होसे फ्रान्सिस्को रुईस. इंग्रजी पुस्तकं रुईसला नावारोचे ‘अंकल’ म्हणून मोकळी होतात. कुठले? स्पॅनिश कागदांत बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नाही. नावारोच्या आईचं नाव मारिया होसेफा रुईस. म्हणजे मामा! मराठीत ‘काका’ लिहिलंत तर चूकच, आणि ‘नातेवाईक’ लिहिणं म्हणजे पळवाट.

हुआन सेगीनचं प्रकरण आणखी नाजूक. जन्म १८०६, सॅन अँटोनियोचा. त्याच स्वातंत्र्ययुद्धातल्या सान हासिंतोच्या लढाईत टेक्सासच्या बाजूने लढला, पुढे शहराचा महापौर झाला आणि १८४२ मध्ये फितुरीच्या संशयापायी त्याला मेक्सिकोत पळावं लागलं. १८५८ साली त्याने आपली बाजू मांडायला आठवणी छापल्या. त्यात तो स्वतःला जन्मभूमीतच ‘फॉरेनर’ झालो म्हणतो. इथे ‘परदेशी’ लिहू नका. परदेशी माणसाला निदान स्वतःचा देश असतो. ‘परका’ लिहा. आणि त्या पुस्तकावर लेखकाचं नाव काय छापलंय? जॉन एन. सेगीन. सूचीत ‘हुआन’खाली नाही सापडला तर ‘जॉन’खाली बघा.

राहता राहिलं व्याकरण. स्पॅनिशमध्ये पुरुष तेहानो, स्त्री तेहाना. मराठीत आकारान्त शब्द घोडा-मळा यांच्या रांगेत जाऊन बसतो, त्यामुळे ‘ती तेहाना’ वाचताना ठेच लागते. मी तरी ‘तेहानो स्त्रिया’, ‘तेहानो संगीत’, ‘तेहानो घराणी’ असंच लिहितो. अनेकवचनही तेच, आणि विभक्तीत शब्द न बदलता ‘तेहानोंचा’, ‘तेहानोंना’.