'धूमधडाका'ची कन्नड थोरली बहीण

तुमचा प्रश्न आहे: 'धूमधडाका'सारखा, नटांची जत्रा आणि नुसता गोंधळ असलेला, पण आता कुणाच्या फारसा लक्षात नसलेला एखादा पिक्चर सुचवा.

बेळगावच्या माणसानं उत्तर द्यायचं म्हटल्यावर ते कन्नडातून येणार, त्याला इलाज नाही. 'प्रीती माडू तमाशे नोडू', साल १९७९. म्हणजे 'प्रेम कर, गंमत बघ'. कन्नडात तमाशे म्हणजे गंमत. आमच्या आज्जीचा सगळा जन्म वडगावात गेला, बाजारापुरतं कन्नड तिला छान यायचं. तरी उदया टीव्हीवर हे नाव काकांनी वाचून दाखवलं तेव्हा ती भडकली. "पोरांना घेऊन तमाशा बघूलालास व्हय रे?"

तुम्ही 'धूमधडाका' पाहिलाय, म्हणजे गोष्ट तुम्हाला अर्धी पाठ आहे. पैशावर डोळा असलेला श्रीमंत बाप, त्याच्या दोन मुली, आणि सिनेमा काढायचं खूळ डोक्यात शिरलेला एक मुलगा. बापानं नोकरीवरून हाकललेला तरुण नेमका त्याच्याच मुलीच्या प्रेमात. म्हाताऱ्याला पटवायला हा कोट्यधीशाचा मुलगा बनतो. मग कोट्यधीश बाप आणायचा कुठून? मित्राला दाढीमिश्या लावून उभा करतो. आणि त्या मित्राची प्रेयसी निघते त्याच म्हाताऱ्याची दुसरी मुलगी!

मूळ गाठ तमिळमधली. श्रीधर यांनी १९६४ साली 'कादलिक्क नेरमिल्लै' काढला, १९६६ साली त्यांनीच तो हिंदीत 'प्यार किये जा' म्हणून केला. मेहमूदला त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. कन्नड पिक्चर सी. व्ही. राजेंद्रन यांचा, तेही श्रीधर यांच्याच नात्यातले. महेश कोठारेंचा 'धूमधडाका' १९८५ चा, दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिलाच. म्हणजे त्यातल्या बापाच्या, आपल्या वाकडे साहेबांच्या, आधी सहा वर्षं हा गोंधळ कर्नाटकात होऊन गेलेला. आम्ही सीमेवरची पोरं मात्र उलट्या क्रमानं पोचलो. आधी लक्ष्या, मग हे. त्यामुळं पहिली दहा मिनिटं आम्ही 'आमचा पिक्चर चोरला की' म्हणून ओरडत होतो. शेजारच्या मामांनी (घरी कन्नड बोलणारे, आमच्याशी मराठी) सालं सांगितली तेव्हा गप्प बसलो.

निर्माते द्वारकीश. उंचीनं कमी, म्हणून सगळा कर्नाटक त्यांना लाडानं 'कुळ्ळ' म्हणायचा, म्हणजे बुटका. २०२४ च्या एप्रिलमध्ये गेले. नायक श्रीनाथ आणि शंकर नाग, नायिका मंजुळा आणि पद्मप्रिया, संगीत राजन-नागेंद्र यांचं. मराठी माणसानं हा पिक्चर बघावा तो मुख्यतः शंकर नागसाठी. 'मालगुडी डेज'चा दिग्दर्शक म्हणून तुम्ही त्याला ओळखता. पण रँडच्या खुनावरचा मराठी '२२ जून १८९७' हा चित्रपट लिहिण्यातही त्याचा हात होता, आणि तो चित्रपटही १९७९ चाच! एकीकडं चापेकर बंधू, दुसरीकडं हा पोरखेळ. ३० सप्टेंबर १९९० ला मोटार अपघातात गेला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. कर्नाटकात रिक्षांवर अजून त्याचं चित्र दिसतं, ते 'ऑटो राजा'मुळं. आणि माझ्या मते याच कारणानं हा पिक्चर मागं पडला. लोकांना लक्षात ठेवायला त्याची दुसरी कामं भरपूर आहेत. मराठी माणसांनी तर हा पिक्चर आपल्या हिशेबातच धरला नाही, कारण आपल्याकडं 'धूमधडाका' होता.

आता त्या प्रसंगाबद्दल. सिनेमावेडा मुलगा बापाला आपल्या भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगतो तो. तमिळमध्ये नागेश, हिंदीत मेहमूद आणि समोर ओमप्रकाश, मराठीत लक्ष्या आणि समोर शरद तळवलकर. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. दार वाजतं, पाऊल पडतं, कुणीतरी किंचाळतं, सगळं तोंडानं. पोरगं रंगात येतं आणि बापाला घाम फुटतो.

आमच्या घरात दोन माग होते. सोप्यात माग, आत टीव्ही. मागाच्या खडखडाटात संवाद ऐकू येणं शक्यच नव्हतं, त्यामुळं आम्ही सगळे पिक्चर चेहऱ्यांवरून बघायला शिकलेलो. मराठी काय, कन्नड काय, आम्हाला सारखंच. पण हा प्रसंग जवळ आला तसे मामा उठून बाहेर गेले आणि काकांना म्हणाले, "जरा बंद कर की, आता ते येतंय." काकांनी दोन्ही माग थांबवले. भर दिवसा, वीज असताना! ज्याच्या घरात माग आहे त्याला कळेल मी काय सांगतोय. आई कांड्या भरायची थांबली, आज्जी तमाशाचा राग विसरून पुढं सरकली, आणि घरात एवढी शांतता मी सणालासुद्धा ऐकली नव्हती. त्या शांततेत टीव्हीवरची ती दारं, ती पावलं. आज्जी शेवटी घाबरूनच म्हणाली, "पुरे रे बाबा, लाव माग."

पक्षपात लपवत नाही. या गोष्टीतला माझा आवडता बाप तळवलकरांचा वाकडेच. तो विनोद करत नाही, त्याला खरोखर पैसा हवा असतो, आणि म्हणूनच मजा येते. पाइप ओढता ओढता 'व्याख्या विख्खी वुख्खू' करणारा अशोक सराफ तर आमच्याकडं लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकू येतो. कन्नड पिक्चरला तेवढी धार नाही, गाण्यांच्या जागी उठून चहा टाकून आलात तरी चालेल. पण त्याचा गोंधळ जास्त निवांत आहे. कुणी घाईत नाही, थाप हळूहळू फुगत जाते. मला आता, या वयात, तेच जास्त आवडतं.

सबटायटलं नसली तरी बिचकू नका. चार शब्द लक्षात ठेवा: दुड्डु म्हणजे पैसा, सुळ्ळु म्हणजे खोटं, अळिया म्हणजे जावई, माव म्हणजे सासरा. मामालाही मावच म्हणतात, तेव्हा तिथं थोडा गोंधळ होईल. होऊ द्या.