हेडफोन घ्या, पण आखाजीला नको

अमळनेरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय सत्तावीस. जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलच्या ऑफिसात नोकरी, रोज रेल्वेने अप-डाउन. पगार हातात येतो ३४,००० रुपये. त्यातले १५,००० घरात देतात, ३,४०० गाडीचा हप्ता (तो ऑक्टोबरात संपतो), ३,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) आणि पास, चहापाणी, मोबाइल धरून स्वतःचा खर्च ५,०००. बचत खात्यात ४६,००० आहेत. वडिलांची तीन एकर कोरडवाहू कपाशी. मृग लागला की बियाणं आणि खताचे वीस-बावीस हजार हेच देतात.

त्यांना गाणं ऐकायचा नाद आहे. प्रवासात आणि घरी, दोन्हीकडे चालेल असा एकच चांगला क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांचा, हेडफोन घ्यायचा आहे. समोर तीन पर्याय आहेत. २७,००० चा ब्लूटूथ, नॉइज कॅन्सलिंगवाला, नऊ महिन्यांच्या 'नो-कॉस्ट' हप्त्याने. १२,५०० चा वायरचा, स्टुडिओत वापरतात तसा. तिसरा मित्राने सुचवलेला, २५० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), १५,००० चा. कोणता घेऊ, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर हप्त्याने घेऊ का, आणि दोन-तीन महिने एसआयपी थांबवली तर चालेल का, असं ते विचारतात.

भाऊ, एसआयपी थांबवू नका. त्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. बाकीच्या दोन प्रश्नांवर मात्र नीट बोलू या.

आधी हे सांगतो, की क्लोज्ड-बॅकच हवा हा तुमचा विचार बरोबर आहे. ओपन-बॅक हेडफोनच्या कपांना मागून जाळी असते, त्यामुळे आवाज मोकळा लागतो, पण तो बाहेरही सांडतो आणि बाहेरचा आतही येतो. तुम्ही लिहिलंय की रात्री आजी त्याच खोलीत झोपते आणि दिवसा घराखाली पिठाची गिरणी चालते. अशा घरात ओपन-बॅकवर पैसे घालणं म्हणजे पैसे पाण्यात. रेल्वेच्या डब्यात तर त्याचा विचारही नको.

आता २७,००० वाल्याच्या बाजूने जे आहे ते मोकळेपणाने मांडतो. वायरचा क्लोज्ड-बॅक हेडफोन माणसांचं बोलणं, फेरीवाल्याची हाक असे उंच आवाज चांगले अडवतो. पण चाकांची घरघर, डब्याची गडगड हा खालचा आवाज त्याच्या कानावरच्या गादीतून बराचसा आत येतो. नॉइज कॅन्सलिंगचं नेमकं उलट. त्यातला माइक बाहेरची सलग घरघर टिपतो आणि तिच्या विरुद्ध आवाज सोडून ती मारतो. म्हणजे अमळनेर ते जळगाव या तासाभराच्या प्रवासात तो खरंच सरस ठरेल. डब्यात बसून बघितलं असेल, तर तुम्हाला तो का आवडला हे मला समजतं.

पण तुमच्या पत्रातले आकडे मी कागदावर मांडले, तेव्हा किमतीपेक्षा महिन्यांनी माझं लक्ष वेधलं. दरमहा सगळं जाऊन तुमच्याकडे ७,६०० उरतात. त्यात ३,००० चा हप्ता बसतो, असं तुम्ही लिहिलंय. बसतो, पण कागदावर. आखाजीला घेतलेल्या वस्तूचा पहिला किंवा दुसरा हप्ता जूनमध्ये येतो, आणि जूनमध्ये तुमच्या खात्यातून बावीस हजार बियाण्याच्या दुकानात जातात. ४६,००० चे २४,००० होतात. शिवाय आखाजीला बहीण माहेरी येणार, तिची साडी, भाच्यांचे कपडे, चार दिवसांचं गोडधोड. तो खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही. पाऊस लांबला आणि दुबार पेरणी आली तर आणखी दहा-बारा हजार. त्याच महिन्यात गाडीचा टायर बसला तर पैसे क्रेडिट कार्डावरून येतील, आणि तिथे थकबाकीवर महिन्याला तीन ते साडेतीन टक्के व्याज लागतं. म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. खान्देशात कोरडवाहू घराला पैसा लागतो जून-जुलैत आणि कापूस विकला जातो दिवाळीनंतर. पगारदार मुलगा हा त्या मधल्या पाच महिन्यांचा आधार असतो. नऊ महिन्यांचा हप्ता त्या पाच महिन्यांवरूनच जातो.

'नो-कॉस्ट' या शब्दावर विश्वास ठेवू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलं आहे. होतं असं की व्याजाइतकी सूट आधी किमतीत दाखवतात आणि मग कर्जावर व्याज लावतात. तुमचंच उदाहरण घ्या. ३,००० चे नऊ हप्ते, व्याजदर वर्षाला १५ टक्के धरला, तर त्यात व्याज सुमारे १,६१३ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २९० रुपये, तो तुमच्या माथी. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. झाले सव्वापाचशे. आणि दुकानदार रोखीने घेतलं तर १,५०० कमी करतो, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे या फुकटच्या हप्त्याची किंमत दोन हजारांच्या वर जाते. एक हप्ता परत गेला तर दंड वेगळा, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग.

आता वस्तूकडे येतो, कारण इथे माझा स्वतःचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी मी एक महागडा हेडफोन घेतला होता, कंपनीचं नाव सांगत नाही. दोन मे महिने काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस कानामागे काळे पापुद्रे दिसले, शर्टच्या कॉलरवरही. बायकोला वाटलं शाई सांडली. गाद्यांचं कृत्रिम चामडं घामाने सुटून कोंड्यासारखं झडत होतं, बोट लावलं की पापुद्रा बोटाला चिकटून यायचा. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर त्या मॉडेलच्या गाद्या येणं बंद झालं होतं. आवाज ठणठणीत होता आणि वस्तू कपाटात गेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कान पूर्ण झाकणाऱ्या बंद कपात घाम येणार, गाद्या जाणार, हे धरूनच चाला. म्हणून हेडफोन घेताना माझा पहिला प्रश्न असतो: याच्या गाद्या सुट्या मिळतात का, आणि केबल काढून बदलता येते का?

याच कसोटीवर वायरचे जुने, नावाजलेले हेडफोन पुढे जातात. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स २०१४ पासून बाजारात आहे, ३८ ओहमचा आहे, केबल निघते, सोबत तीन केबल येतात (त्यातली एक सव्वा मीटरच्या आतली, प्रवासाला सोयीची), आणि कप दुमडून पिशवीत बसतो. सोनीचा एमडीआर-७५०६ तर १९९१ पासून रेकॉर्डिंगवाल्यांच्या कानावर आहे. तो दुमडतो, पण त्याची वळ्यावळ्यांची तीन मीटरची केबल निघत नाही, डब्यात ती सांभाळणं त्रासाचं. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घरी बसून ऐकायला फार आरामाचा. त्याच्या मखमली गाद्या उन्हाळ्यात चामड्यापेक्षा बऱ्या वाटतात आणि बदलता येतात, पण तो दुमडत नाही. मित्राने सांगितलेला २५० ओहमचा हा प्रकार घेऊ नका. ओहम जास्त असला की त्याला ढकलायला जोर जास्त लागतो. मोबाइलवर आवाज शेवटपर्यंत वाढवूनही तो दबका राहील, मग आवाजाला जोर देणारा वेगळा अँप्लिफायर घ्यावा लागेल आणि १५,००० चे वीस-बावीस होतील. हाच हेडफोन ३२ आणि ८० ओहममध्येही निघतो. फोनसाठी ३२ चा.

ब्लूटूथवाल्याच्या बॅटरीचाही हिशेब केला, आणि तो मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळा निघाला. तुम्ही प्रवासात रोज दोन-अडीच तास आणि रात्री एक तास, म्हणजे महिन्याला नव्वद तास ऐकता. असे हेडफोन एका चार्जवर तीस तास चालतात. म्हणजे वर्षाला फक्त छत्तीस वेळा चार्ज. लिथियम बॅटरी पाचशे चार्ज सहज काढते, तेव्हा वापराने ती मरणार नाही. ती मरेल वयाने आणि उन्हाने. स्टेशनबाहेर उभ्या गाडीच्या डिकीत मे महिन्यात दिवसभर हेडफोन ठेवलात, तर बॅटरीचं आयुष्य त्या एका उन्हाळ्यात बरंच कमी होतं असं समजा. तो घेतलाच तर एवढं बघा की वायर लावून, बॅटरी संपलेली असतानाही तो वाजतो का. काही वाजतात, काही नाही.

तासाला किती पडतो ते काढलं. वायरचा १२,५००, फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा डोंगल (वायर फोनला जोडणारा तुकडा) हजारभर, पाच वर्षांत दोनदा गाद्यांचे तीन हजार धरा. साडेसोळा हजार. पाच वर्षांत तुम्ही ५,४०० तास ऐकणार. तासाला तीन रुपये. ब्लूटूथचा, हप्त्यावरचे सव्वापाचशे धरून, तेवढाच टिकला तर पाच रुपयांच्या थोडं वर, आणि तीन वर्षांत गेला तर साडेआठ. फरक डोंगराएवढा नाही, हे मी मान्य करतो. हप्ता नसता आणि जून नसता, तर मी तुम्हाला एवढं अडवलं नसतं.

पण एक गोष्ट पैशांहून मोठी आहे. डब्याच्या घरघरीवर मात करायला माणूस आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला चाळीस तास ऐकणं ठीक, ९० डेसिबलला मात्र फक्त चार तास. तुम्ही आठवड्याला वीस तास ऐकता. वायरचा घेतलात तर डब्यात आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका. तेवढ्यावर गाणं ऐकू येत नसेल, तर रबरी टोपीचे साधे वायरचे इअरफोन, कानात घट्ट बसणारे, हजार-दीड हजारात मिळतात. ते ती घरघर पुष्कळ अडवतात आणि उन्हाळ्यात कानही उकडत नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर एप्रिल ते जून डब्यात तेच वापरले असते, आणि मोठा हेडफोन घरी रात्रीसाठी व हिवाळ्याच्या प्रवासासाठी ठेवला असता.

तर माझं म्हणणं असं. १२,५०० चा, केबल निघणारा, दुमडणारा हेडफोन घ्या, पण दिवाळीला आणि रोखीने. आता मे महिन्यापासून बँकेत ३,००० चं सहा महिन्यांचं आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) काढा. दुकानाला जो हप्ता देणार होतात, तोच स्वतःला द्या. जून-जुलैत हे तीन हजार भरताना ओढ बसली, तर दुकानाचाही हप्ता तसाच ओढून भरावा लागला असता हे तुम्हाला आपोआप कळेल, आणि इथे दंड लागलाच तर किरकोळ. सहा महिन्यांत १८,००० होतील. हेडफोन, डोंगल आणि पुढच्या गाद्यांचे पैसे त्यातच निघतील. तोवर गाडीचा हप्ताही संपलेला असेल. उरलेले ४,६०० दरमहा बाजूला टाका. अडीअडचणीला तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे साधारण ऐंशी हजार, हाताशी हवेत. पेरणीनंतर तुमच्याकडे २४,००० च उरतात. हप्ता सुटल्यावर ते ३,४०० आणि आरडीचे ३,००० याला जोडले, तर संक्रांतीच्या महिन्यात तुम्ही तिथे पोचता.

मध्येच एक विचारतो. पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. ईएसआयसीची (कामगारांच्या सरकारी विमा योजनेची) पगाराची मर्यादा २१,००० आहे, म्हणजे तुम्ही त्यात नाही. मिलने ग्रुप मेडिक्लेम काढला आहे का, ते याच आठवड्यात विचारा. नसेल तर तो हेडफोनच्या आधी. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेवढा भार कमी.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं. "बाबांना किंमत सांगणार नाही, ते म्हणतील, कानले इतला पैसा लागस का?" त्यांना किंमत सांगा, भाऊ. बियाण्याचे बावीस हजार वेळेवर हातात ठेवून, कर्ज न काढता, सहा महिने साठवून आणलेली वस्तू लपवायचं कारण नाही. ते कुरकुरतील कदाचित. एकदा त्यांच्याही कानाला लावा, त्यांच्या आवडीचं काही लावून.

दिवाळीपर्यंत एक काम करून ठेवा. एखाद्या रविवारी जळगावला, जिथे कानाला लावून बघू देतात अशा दुकानात जा. तुम्हाला चष्मा आहे, तेव्हा चष्म्यासकट वीस मिनिटं हेडफोन लावून बसा. काडीमुळे गादी आणि कानशील यांच्यात फट राहिली तर तबल्याचा बायाँ पातळ ऐकू येतो, आणि काडी टोचायला लागते ती दहा मिनिटांनंतरच. नंतर घेताना जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि वॉरंटी भारतातली आहे का, हे बघून घ्या. नावाजलेल्या हेडफोनच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. फार स्वस्त मिळाला तर थांबा.

आणि जूनमध्ये आरडीचा हप्ता खरंच जड गेला, तर पुन्हा लिहा. आपण आकडा दोन हजारांवर आणू आणि हेडफोन संक्रांतीला घेऊ.