रेघेवर, रेघेपुढं की रेघेमागं?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, मी मूळचा परभणीचा, नोकरीला पुण्यात. काही वर्षांपासून हिवाळ्यात गुलमर्गला जातो, भाड्याच्या स्कीवर शिकलो. यंदा आमच्या दाजींनी कॅनडाहून कोरी जोडी आणून दिली. १८० सेंटिमीटर लांब, कमरेला, म्हणजे सगळ्यात अरुंद जागी, १०० मिलिमीटर. बाइंडिंग (बूट स्कीला अडकवायचा जोड) वेगळ्या खोक्यात आहे, अजून बसवलेलं नाही. स्कीवर कंपनीची रेघ छापलेली आहे, पण दाजी म्हणतात दोन सेंटिमीटर पुढं बसव, वळायला हलकी पडते. गुलमर्गचा मित्र म्हणतो पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, जायचं असेल तर मागं घे. माझं वजन ६८ किलो, बुटावर २९६ लिहिलंय. कुणाचं ऐकू? आणि परभणीत आमचा सुतार हाताचा चांगला आहे, त्याच्याकडून भोकं पाडून घेतली तर चालतील का?

उत्तर : सुताराचं मागून बघू. आधी रेघ.

ती रेघ म्हणजे बुटाच्या तळाचा मध्य कुठं यावा, हे कंपनीनं सांगितलेलं असतं. तुमच्या बुटाच्या खालच्या कवचावर, बाजूला तळाशी, प्लॅस्टिकमध्येच एक बारीक उभी खूण असते. बोटानं चाचपली तरी लागते. ती खूण आणि स्कीवरची रेघ समोरासमोर आली की बूट ‘रेघेवर’ बसला. २९६ हा बुटाचा नंबर नव्हे, ती तळाची लांबी आहे मिलिमीटरमध्ये. टो-पीस (बाइंडिंगचा पुढचा तुकडा) आणि हील-पीस (मागचा तुकडा) यांची भोकं कुठं पडणार ते त्या आकड्यावर ठरतं, तेव्हा तो नीट वाचून ठेवा. दोन्ही बुटांवर वाचा.

आता स्की फरशीवर ठेवा आणि टेप शेपटीच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत सरळ ताणा. स्कीच्या वळणाबरोबर टेप वाकवू नका. १८० छापलेली स्की सरळ मापात बऱ्याचदा एखादा सेंटिमीटर कमी भरते. समजा १७९ भरली, तर मध्य आला ८९.५ वर. मग शेपटीपासून छापील रेघ मोजा. ती ८१.५ वर निघाली, तर रेघ खऱ्या मध्याच्या ८ सेंटिमीटर मागं आहे. स्कीवाले त्याला ‘उणे आठ’ म्हणतात. हे माप दोन्ही स्कींवर घ्या. छपाईत दोन-चार मिलिमीटरचा फरक निघतो कधीकधी, आणि तो भोकं पाडल्यावर कळून उपयोग नाही.

उड्या मारायच्या, उलटं उतरायच्या पार्कच्या स्कीवर ही रेघ मध्याच्या अगदी जवळ असते, शून्य ते उणे चारच्या आसपास. तुमच्यासारख्या रुंद, सगळीकडे चालणाऱ्या स्कीवर साधारण उणे सहा ते उणे दहा. जुन्या घडणीच्या, फक्त नाकासमोर उतरायच्या स्कीवर त्याहूनही मागं. म्हणजे मागं-पुढं असणं ही चूक नाही, ती कुठल्या कामाची स्की आहे त्याची ओळख आहे.

सेंटिमीटरनं एवढा काय फरक पडतो, असं तुम्ही म्हणाल. मराठवाड्यात बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजवायची गरज नाही. भरा पुढं झाला तर जू बैलाच्या मानेवर बसतं, मागं झाला तर गाडी उलाळ होते. स्कीचंही तेच. बूट पुढं घेतला की वळण चटकन सुरू होतं, घट्ट बर्फावर टोक लगेच चावतं, झाडीत स्की वळवायला हलकी जाते. पण पुढचं टोक आखूड होतं आणि शेपटी लांब. मग खोल भुसभुशीत बर्फात टोक आत शिरायला लागतं, आणि ते शिरू नये म्हणून माणूस मागं रेलतो. मागं रेलून उतरणाऱ्याच्या मांड्या अर्ध्या दिवसात भरून येतात. बूट मागं घेतला की टोक आपोआप वर राहतं, वेगात सरळ जाताना धीर येतो. पण घट्ट बर्फावर वळण सुरू करायला जोर लावावा लागतो आणि आखूड शेपटी वळणाच्या शेवटी सुटते.

तर दाजींचंही खरं आणि मित्राचंही खरं. फक्त दोघंही स्वतःच्या स्कीबद्दल बोलतायत. दाजी दोन सेंटिमीटर म्हणतात, ते कुठल्या रेघेपासून? त्यांच्या स्कीची रेघ उणे अकरावर असेल तर दोन पुढं घेऊनही ते उणे नऊवरच आहेत. तुमच्या उणे आठवरून दोन पुढं म्हणजे उणे सहा. एकाच सल्ल्याचे दोन वेगळे अर्थ झाले. दाजी पार्कमध्ये खेळत असतील तर त्यांना मध्याजवळचं आवडणारच. फोन करून विचारा, बहुतेक तसंच निघेल.

नुसत्या उणे आकड्यावरही जाऊ नका बरं का. रुंद स्कीचं पुढचं टोक बरंच आधीपासून वर उचललेलं असतं, त्याला रॉकर म्हणतात. त्यामुळं घट्ट बर्फावर टेकणारी कड स्कीच्या लांबीपेक्षा पुष्कळ आखूड असते, आणि टोकाचं उचलणं शेपटीपेक्षा जास्त असेल तर त्या टेकणाऱ्या भागाचा मध्य मागं सरकतो. त्यात स्की कमरेला सगळ्यात अरुंद कुठं आहे, कुठं जास्त वाकते, हेही आलं. कंपनीचा माणूस हे सगळं धरून, बर्फावर चालवून रेघ मारतो. म्हणून एका स्कीवर सुखाचं वाटलेलं उणे सहा दुसरीवर जसंच्या तसं उचलू नये.

मी फौजेत असताना गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्कीच्या दुरुस्तीखोलीत होतो. तिथं नवीन पोरगा आला की पहिली तक्रार हीच असायची, ‘उस्ताद, बाइंडिंग पुढं-मागं झालंय.’ टेप लावून दाखवला की बाइंडिंग जागेवर निघायचं आणि बुटाची वरची बक्कल ढिली निघायची. नडगी बुटाच्या जिभेला टेकत नसेल तर कुठलीही स्की उलाळच वाटते. तेव्हा आधी बूट तपासा. बूट एक नंबर मोठा असेल, आणि भाड्याचे बूट घालून शिकलेल्यांचा बहुतेक असतोच, तर बाइंडिंगची जागा ठरवण्यात काही अर्थ नाही.

आता तुमचं. गुलमर्ग २,६५० मीटरवर, गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांचा, दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर साधारण ३,९५० मीटरला सोडतो. वर खोल पावडर, दाबून सपाट केलेली वाट जवळपास नाही. खाली कोंगडोरीच्या, म्हणजे गोंडोलाच्या मधल्या थांब्याच्या, आजूबाजूला चापून बसलेला बर्फ, आणि दुपारनंतर तो कडक. एकाच उतारात दोन्ही. ६८ किलोच्या माणसाला १८० लांब आणि १०० रुंद स्की पावडरमध्ये तरंगवायला पुरेशी आहे. अजून मागं जाऊन तरंगण्यात फार मिळवाल असं नाही, खाली कडक बर्फावर मात्र गमवाल. दोन पुढं घेतलीत तर वरच्या उतारावर टोक बुडेल आणि ज्यासाठी रुंद स्की घेतली तेच हातचं जाईल.

माझं मत, रेघेवर बसवा. अगदीच हात शिवशिवत असेल तर पुढं एक सेंटिमीटर, त्याच्या पलीकडं नाही. मागं तर नकोच. मागं घ्यायचा सल्ला ९० किलोच्या वर असलेल्या, फक्त वरच्या पावडरमध्येच उतरणाऱ्या माणसाला देईन.

खात्री करायची असेल तर सोपा मार्ग आहे. भाड्याच्या पुष्कळ स्कीवर सरकपट्टीचं बाइंडिंग असतं, टो-पीस आणि हील-पीस दोन्ही पट्टीवर पुढं-मागं होतात. जवळपास तुमच्याच मापाची रुंद स्की घ्या, सकाळी रेघेवर उतरा, दुपारी एक सेंटिमीटर पुढं सरकवायला सांगा. भाड्यावाल्याला वेळ असेल तर तो करतो, गर्दीच्या आठवड्यात कपाळाला आठ्या घालतो. आणि आजवर जी भाड्याची स्की तुम्हाला आवडली, तिच्यावर टेप लावून बूट मध्याच्या किती मागं होता तेही लिहून ठेवा. तंतोतंत तसं करायला नव्हे, कुठल्या बाजूला झुकता ते कळायला.

आधी बसवून बघू, नाही आवडलं तर हलवू, असं मनात असेल तर ते काढून टाका. नवं भोक जुन्या भोकापासून निदान एक सेंटिमीटर लांब हवं, नाहीतर मधला गाभा कमकुवत होतो आणि स्क्रू उपटून येतो. म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरची दुरुस्ती साध्या बाइंडिंगमध्ये जवळजवळ होतच नाही. आणखी एक, पुढं कधीतरी बूट बदललात आणि नवा बूट १० मिलिमीटरनं लांब निघाला, तर दुकानदार फक्त हील-पीस मागं सरकवील. टो-पीस जागेवरच राहिला, म्हणजे बुटाचा मध्य ५ मिलिमीटर मागं गेला. रेघेवर बसवलेलं रेघेमागं झालं आणि कुणी भोक पाडलं नाही. बूट बदलायचा विचार असेल तर बूट आधी घ्या, भोकं नंतर.

आता तुमचा सुतार. त्याचा हात चांगला असेल, पण हे काम नजरेचं नाही, जिगचं, म्हणजे भोकं पाडायच्या साच्याचं आहे. जिग स्कीला दोन्ही बाजूंनी पकडते, स्वतःच मधोमध बसते, तिच्यावर बुटाची लांबी लावली की भोकांच्या जागा ठरतात. ड्रिलचा बिट खास असतो, खांद्याचा, ९ मिलिमीटरच्या पुढं आत जातच नाही. लाकडी गाभ्याला ३.६ मिलिमीटरचा, आत धातूचा पत्रा असेल तर ४.१ चा, आणि धातूत आधी आटे पाडून घ्यावे लागतात. कुठला बिट वापरायचा ते बहुतेक वेळा स्कीवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं, रेघेच्या जवळपास बघा. व्होल्कल मंत्रा किंवा नॉर्डिका एन्फोर्सर असल्या स्कीत धातू असतो, त्यात ३.६ चं भोक पाडून स्क्रू दामटला तर वरचा थर फुगून वर येतो. साधा बिट हातानं दाबला आणि तो तळातून बाहेर निघाला, तर नव्या स्कीच्या तळाला भोक. स्क्रूही नेहमीचे नाहीत, पोझीड्राइव्ह तीन नंबरचे. साध्या फिलिप्सनं पिळले की डोकं खाऊन टाकतात. भोकात पाण्याला न विरघळणारा डिंक सोडूनच स्क्रू पिळायचा, नाहीतर बर्फाचं पाणी गाभ्यात मुरतं.

मी स्वतः चिकलठाण्याच्या एमआयडीसीत ड्रिल मशीनवर दिवस काढतो. तुमची भोकं मी व्हर्नियर लावून पाडून देऊ शकेन. तरी हे काम मी घेत नाही. कारण बाइंडिंगचं खरं काम धरून ठेवणं नाही, वेळेवर सोडणं आहे. वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुम्ही कसे उतरता ह्यावरून सुटण्याचा आकडा ठरतो, हील-पीसचा पुढचा दाब जुळवावा लागतो आणि मग बूट घालून मशीनवर पिळून बघावं लागतं की खरंच त्या आकड्याला सुटतो की नाही. त्याची आयएसओ ११०८८ नावाची ठरलेली पद्धत आहे. ते मशीन ना माझ्याकडं, ना तुमच्या सुताराकडं. जोडी कोरीच असताना दाजींनी तिकडं दुकानात बसवून आणली असती तर बरं झालं असतं, पण त्यांनी तुमचे बूट नसताना बसवली नाही हे शहाणपणच म्हणायचं. ते पुन्हा येऊन जाणार असतील तर स्की आणि बूट दोन्ही त्यांच्याबरोबर पाठवा. नाहीतर जिथं जिग आणि चाचणीचं मशीन दोन्ही आहे असं दुकान गाठा, आधी फोनवर दोन्ही गोष्टी विचारून. एक आहे आणि एक नाही म्हणाला, तर दुसरं दुकान.

आणि तोवर स्की परभणीत ठेवायची असेल तर पत्र्याच्या खोलीत नको. तुमच्या एप्रिल-मेचं ऊन मी सांगायला नको.

प्रश्न : स्कीची कमर १०० मिलिमीटर, जुन्या बाइंडिंगचा ब्रेक (पायातून सुटलेली स्की थांबवणारे दांडे) ९० चा आहे. ब्रेकचे दांडे जरा बाहेर वाकवून घेतले तर? – एक वाचक, बीड

उत्तर : दहा मिलिमीटर वाकवायचे म्हणजे ‘जरा’ नाही. वाकवलेला दांडा कुठल्या तरी उतारावर कडेला अडकतो, ब्रेक पूर्ण उघडत नाही, आणि तुमच्या पायातून सुटलेली स्की खाली उभ्या असलेल्या माणसाकडं एकटी निघते. १०० च्या स्कीला १०० ते ११५ पर्यंतचा ब्रेक बघा. त्याहून रुंद घेतला तर स्की कडेवर घातली की दांडा बर्फाला घासतो. बऱ्याच बाइंडिंगमध्ये नुसता ब्रेक बदलता येतो, अख्खं बाइंडिंग घ्यावं लागत नाही. मॉडेलचं नाव घेऊन विचारा.

प्रश्न : मी लातूरला प्राध्यापिका आहे. बायकांच्या स्कीवर रेघ पुढं असते म्हणतात. मी पुरुषांसाठीची रुंद स्की घेतली आहे, बूट २७५ चा. मी रेघेच्या पुढं बसवू का?

उत्तर : ताई, तुमच्या बाबतीत पुढं म्हणेन, आणि कारण बाईमाणूस हे नाही, बूट हे आहे. बूट आखूड असला की चवड्याचा फुगीर भाग बुटाच्या मध्याच्या जास्त जवळ येतो. म्हणजे मध्य रेघेवर ठेवूनही, मोठा बूट घालणाऱ्याच्या मानानं तुमचा चवडा स्कीवर काही मिलिमीटर मागं पडतो. ते भरून काढायला एक सेंटिमीटर पुढं घ्या. २७५ च्या बुटाचा एखादा पुरुष विचारता तर त्यालाही हेच सांगितलं असतं. फक्त हील-पीस एवढ्या आखूड बुटापर्यंत पुढं येतो का ते बाइंडिंगच्या पुस्तिकेत आधी बघून घ्या.