प्रतिकारशक्ती चांगली असूनही विषाणू टिकतो कसा?

प्रश्न : माझ्या वहिनींच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीत सलग दुसऱ्या वर्षी एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) आढळला. एरवी त्यांना सर्दी-खोकलाही क्वचितच होतो. मग हा विषाणू त्यांच्या शरीराच्या लक्षात कसा येत नाही? आता लस घेतल्यास तो जाईल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : एवढ्यावरून वहिनींची प्रतिकारशक्ती कमी आहे, असा अर्थ कृपया काढू नका. बहुतेक स्त्रियांमध्ये हा संसर्ग साधारण दोन वर्षांत आपोआप जातो. जिथे तो टिकतो, तिथे विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने पेशीची धोक्याची सूचनाच दाबून टाकतात.

पेशीत परका डीएनए शिरला, की एरवी इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूचा इशारा देणाऱ्या प्रथिनांची, जनुके चालू होतात आणि आसपासच्या पेशी सावध होतात. ही जनुके चालू करण्यात आयआरएफ-३ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो, आणि एचपीव्हीच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराचे ई६ नेमके त्यालाच जाऊन चिकटते. ई७ ची रीत अधिक खोलवरची आहे. ते त्याच कुळातील आयआरएफ-१ ला चिकटते आणि हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) ॲसिटिल गट काढणारे विकर (एन्झाइम) तिथे ओढून आणते, त्यामुळे त्या जागचा डीएनए घट्ट गुंडाळला जाऊन जनुक वाचलेच जात नाही. डीएनएवर मिथाइल गट, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, चढवणाऱ्या विकरालाही ते चालना देते; संरक्षक पेशींना बोलावणारे सीएक्ससीएल१४ हे जनुक अशाच मिथाइल गटांखाली गप्प होते. जनुकाचे एक अक्षरही बदललेले नसते, हे मला यातले सर्वांत विलक्षण वाटते. शिवाय पेशीच्या आत काय शिजते आहे, हे पृष्ठभागावर मांडून दाखवणारे एमएचसी रेणूही कमी होतात, आणि मारक टी-पेशींना सुगावा लागत नाही.

याच दोन प्रथिनांमुळे पी५३ आणि आरबी हे पेशीविभाजनावरचे लगामही सुटतात. कर्करोगाचा धोका येतो तो त्यातून.

आता लसीविषयी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक असो वा दुसरी कोणती, या लसी विषाणूच्या बाह्य आवरणातील एल१ प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. संसर्ग झालेल्या तळच्या थरातील पेशी एल१ बनवतच नाहीत, म्हणून आधीपासूनचा संसर्ग लसीने जात नाही. इतर प्रकारांपासून संरक्षण मात्र मिळू शकते. मुलींना ही लस ९ ते १४ या वयात देण्यावर भर असतो, तो संसर्ग होण्याआधीच संरक्षण मिळावे याचसाठी. वहिनींनी मात्र विषाणूचा प्रकार १६ किंवा १८ (कर्करोगाचा धोका जास्त असलेले प्रकार) आहे का, हे अहवालात पाहावे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे कॉल्पोस्कोपीविषयी (गर्भाशयमुख भिंगातून मोठे करून पाहण्याच्या तपासणीविषयी) विचारण्यास विलंब करू नये.