हिंडायचा नाद आणि लेखिका म्हणून ओळख : दोन खाती उघडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : राहता लातूरला, लिहिता कथा, पहिला संग्रह येतोय. प्रकाशक म्हणतात, इंटरनेटवर लेखिका म्हणून ओळख तयार करा. तुम्हाला हिंडायचा नाद. प्रवासाचं टाकत राहिले तर लोक लेखिका समजतील की ट्रॅव्हल ब्लॉगर, की दोन वेगळी खाती ठेवू?

एकच ठेवा. घर, नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या बाईला एक खातं नीट चालवणं जड जातं, दोन कुठून चालवणार? शिवाय कथा वाचणाऱ्याला हे जाणून घ्यायचंच असतं की ही बाई कुठं जाते, काय बघते, हिला ही माणसं भेटतात कुठं. म्हणजे प्रवासाचा आणि कथेचा वाचक एकच आहे. त्याला दोन दारं कशाला?

पण एक खातं म्हणजे दिसेल ते टाकायचं असंही नाही. मी एकच गोष्ट बघते : ही जागा माझ्या कथेतल्या माणसांच्या मुलखातली आहे का? तुमच्या कथा मी वाचलेल्या नाहीत, पण लातूरच्या बाईनं लिहिल्यात म्हणजे त्यात बालाघाटच्या डोंगरातली माणसं असणार, मांजरा नदी असणार, एसटी स्टँड असणार असं धरून चालते. मग मनालीच्या बर्फातले फोटो घरच्या ग्रुपवर टाका, मावश्या खूश होतील. मनालीत एखादं माणूस असं भेटलं की कथेतच येऊन बसलं, तर त्याच्यावर जरूर लिहा. बर्फावर नको.

दुसरं, तुमचं नाव. पुस्तकावर जे छापून येणार तेच सगळीकडे, अक्षर न अक्षर तेच. मुखपृष्ठावर माहेरचं आडनाव आणि फेसबुकवर सासरचं असं झालं तर वाचक शोधून शोधून दमतो आणि सोडून देतो. परिचयाची ओळ साधी लिहा. ‘ट्रॅव्हलर, फूडी, ऑथर, ड्रीमर’ असं लिहिणारे गल्लोगल्ली आहेत. ‘कथाकार. मुक्काम लातूर. एसटीनं हिंडते.’ एवढ्यात सगळं आलं. आणि एसटीचं खरंच मनावर घ्या. मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, आणि कथा लिहिणाऱ्या बाईला मागच्या सीटवरच्या गप्पांइतकं दुसरं कुठं काही मिळत नाही. स्वतःची गाडी घेऊन गेलात की फक्त जागा दिसतात.

आता मुख्य गोष्ट. ट्रॅव्हल ब्लॉगरला रोज नवी जागा लागते. तुम्हाला लागत नाही, आणि हाच तुमचा फायदा आहे. लातूरहून सकाळी निघून रात्री घरी येता येईल अशी चार-पाच ठिकाणं धरा आणि तिथंच पुन्हा पुन्हा जा. तेर घ्या, खरोसा घ्या, औसा, उदगीर, नळदुर्ग घ्या, आमची अंबाजोगाई आहेच. तेरला एकदा चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला जा आणि एकदा भर पावसाळ्यात, कुणी नसताना जा. कुंभार संताचं गाव, आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, भांडी ठेवलेली. हा योगायोग कथाकाराच्या नजरेला पडला नाही तर कुणाच्या पडणार? प्रवास-माहिती देणाऱ्याच्या लेखी तेर एकदा झालं की झालं. तुमच्या वाचकाला वर्षभरानं कळायला पाहिजे की हिचं तेर आहे. कुणी तेरचं नाव काढलं की त्याला तुम्ही आठवला पाहिजेत. पर्सनल ब्रँड वगैरे जे म्हणतात ते मला तरी एवढंच समजलंय.

लिहायचं कसं, याचं एक उदाहरण देते. नळदुर्गचा पाणीमहाल. किल्ल्यात बोरी नदी अडवून बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल आहे. 1613 च्या सुमाराचं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम. पावसाळ्यात बंधारा भरून दोन सांडव्यांवरून पाणी पडायला लागलं की सोलापूर, धाराशिव, लातूरकडची माणसं हे ‘नर-मादी’ धबधबे बघायला लोटतात, आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तोच फोटो. ‘पावसाळ्यात एकदा तरी भेट द्यावी असं ठिकाण’ हे वाक्य लाखदा लिहून झालंय, तुम्ही नका लिहू. मी गेले तेव्हा कणसं भाजणारी एक बाई पाण्याजवळ बसली होती. त्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, त्यामुळे सगळा भाव बोटांवर चाललेला. गिऱ्हाइकानं दोन बोटं दाखवली की ती मान हलवून तीन दाखवायची. एक म्हातारा तिच्या कानाशी वाकून जोरात काहीतरी बोलला, तर ती त्याच्याही वरच्या पट्टीत, ‘काय म्हणलालाव?’ आणि तो पैसे देऊन गप चालू पडला. मी तेवढंच लिहिलं, सात-आठ ओळी. सोबत फोटो धबधब्याचा नव्हता, तिच्या पाटीतल्या लिंबू आणि तिखट-मिठाचा होता. खाली लोकांनी पाणीमहालाबद्दल विचारलं नाही. विचारलं की तुमच्या कथा कुठं मिळतील.

अजिंठ्याचंही असंच. सगळे पद्मपाणीच्या चित्रासमोर उभे राहतात, राहावंच. पण लिहिणाऱ्या माणसानं 24 नंबरच्या लेण्यात थोडा वेळ काढावा. ते अर्धवट राहिलेलं लेणं आहे. कातळ वरून खाली कसा फोडत आणायचे, खांबांसाठी दगड कसा राखून ठेवायचे, हे तिथं उघडं दिसतं. पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या सगळ्यात मोठ्या विहारांपैकी एक झालं असतं. तुमच्या वहीत अर्धी पडलेली कथा असेलच ना? त्या दोन्हींवर मिळून काही लिहिलंत तर ती पोस्ट लेखिकेची होईल, पर्यटकाची होणार नाही. (अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. आतल्या चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही, आणि पुरातत्त्वच्या जागेवर परवानगीशिवाय ड्रोन उडवायचं तर नावच काढू नका.)

आणि नेमकेपणा. आपल्याकडे महानुभाव पंथाची स्थानपोथी आहे. चक्रधरस्वामी जिथं जिथं राहिले त्या जागांची नोंद : देवळाचं तोंड कुणीकडे, अमुक जागा त्याच्या कोणत्या अंगाला. ज्यांनी ती केली त्यांना ‘निसर्गरम्य परिसर’ लिहायची गरज पडली नाही. मी पोस्ट लिहिताना ‘रम्य’, ‘विलोभनीय’, ‘मनमोहक’ हे शब्द दिसले की खोडते आणि त्या जागी दिशा, वास नाहीतर एखादं झाड घालते.

आता जे टाकायचं नाही ते. दिवाळी अंकांना साहित्य अप्रकाशित लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. फेसबुकवर पूर्ण टाकलेला मजकूर बरेच संपादक प्रकाशितच धरतात. म्हणून प्रवासातून जे कथेत जाणार आहे ते बाहेर सांडू नका. मी परत आले की वहीत सगळं लिहून काढते, त्यातलं कथेला लागेल ते बाजूला ठेवते, आणि उरलेल्यातून पोस्ट करते. उरलेलं म्हणजे टाकाऊ नाही. कणसंवाली माझ्या कुठल्या कथेत बसत नव्हती म्हणूनच ती तिकडे गेली.

माणसांबाबत जास्त जपा. कथेत आपण दोघांचा एक माणूस करतो, गाव बदलतो, वय बदलतो, कुणाला पत्ता लागत नाही. पोस्टमध्ये ती सोय नसते. ‘परळीच्या स्टँडसमोरचा अमक्या पायानं लंगडणारा चहावाला’ असं लिहिलंत तर निम्मी परळी त्याला ओळखते, आणि त्याच्या घरातलं त्यानं विश्वासानं सांगितलेलं संध्याकाळपर्यंत त्याच्याच भाच्याच्या मोबाइलवर असतं. चेहऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नको. ऊसतोडीच्या टोळ्यांसोबतच्या लेकरांचे फोटो तर विचारूनही नकोत, माझं मत आहे. आणि किल्लारीला जाल, लातूरच्या आहात म्हणजे जालच, तर तिथं रील काढू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात ज्यांच्या घरातलं कुणी गेलं ती माणसं अजून त्याच भागात राहतात, तुमच्या मजकुराखाली तेच येऊन बोलतील. तिथलं लिहायचं तर सावकाश, कथेतच लिहा.

चोरीचं बोलायचं तर ती होणारच. मराठी वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, आणि तिथं चांगला मजकूर चार दिवसांत ‘लेखक अनामिक’ होतो, नाहीतर कुणा भलत्याच मोठ्या नावावर फिरायला लागतो. शेवटच्या ओळीतलं नाव लोक सहज कापतात. म्हणून मी नाव मजकुराच्या मध्ये गुंफते, कुणीतरी मला हाक मारतं अशा वाक्यात. ते काढायचं तर वाक्यच मोडावं लागतं. कॉपीराइटसाठी नोंदणी लागत नाही, 1957 च्या कायद्यानं लिहिल्याबरोबर हक्क तुमचाच होतो. पण तुम्ही आधी लिहिलंत हे दाखवायला तारखेसकट तो मजकूर कुठंतरी पाहिजे. त्यासाठी स्वतःचा साधा ब्लॉग ठेवा. फुकटचा चालतो. तिथं पूर्ण मजकूर, फेसबुक-इन्स्टाग्रामवर त्याचा तुकडा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक दाबता येत नाही, परिचयात मात्र देता येते, तिथं ब्लॉगची आणि पुस्तकाची द्या.

मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. प्रकाशकाकडून आलेल्या फाइलचा जुन्या फॉन्टमधला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की नुसती खिचडी दिसते, आणि चित्रावर लिहिलेल्या ओळी शोधणाऱ्याला सहसा सापडत नाहीत. गावांची दोन्ही नावं एकदा तरी येऊ द्या : छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद, धाराशिव आणि उस्मानाबाद. यात राजकारण आणायचं कारण नाही, लोक शोधताना दोन्ही टाकतात म्हणून.

थोडे वाचक जमले की कृषी पर्यटनवाले, रिसॉर्टवाले विचारायला लागतील, ‘मॅडम, या राहायला, फक्त दोन फोटो टाका.’ जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण गेलात तर फुकट राहिलात हे पोस्टमध्ये ठळक लिहा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्ये याच्या सूचना काढल्यात, पैसे न घेता नुसता पाहुणचार घेतला तरी तो जाहीर करावा लागतो. मी जात नाही. आज ज्याच्या हुरड्याचं कौतुक करून आले, त्याच्या मजुरांवर उद्या कथा कशी लिहू?

आणि बाई म्हणून एक : जागेवरून कधीच टाकू नका. घरी आल्यावर टाका, दोन दिवसांनी टाका. आठवड्याला एक पोस्ट पुष्कळ झाली. रोज टाकलं तरच लोक धरून राहतात असं सांगणारे भेटतील, त्यांना पुस्तक लिहायचं नसतं.

राहिलं पुस्तकाचं. संग्रह आला की मुखपृष्ठाचा फोटो सगळेच टाकतात. तुम्ही प्रती घेऊन त्याच ठिकाणी जा जिथं वर्षभर जात होतात, आणि तिथल्या तालुक्याच्या वाचनालयात एक प्रत स्वतः देऊन या. ग्रंथपालाला आधी फोन करा, वाचनालयाची वेळ अनेक ठिकाणी सकाळ-संध्याकाळ अशी तुटक असते. तालुक्याला बहुतेक पाठ्यपुस्तकांचीच दुकानं, त्यामुळे ‘पुस्तक कुठं मिळेल’ असं स्टँडवर कुणी विचारलं तर सांगायला दुकान नसतं. चार-पाच प्रती पिशवीत ठेवा, क्यूआर कोडचा कागद मागच्या पानात ठेवा. सवलत किती द्यायची ते मात्र प्रकाशकाशी आधीच बोलून घ्या, कारण लेखकाच्या प्रतींवरून नंतर कुरबुर होते.