जॉन गिल नुसत्या ताकदीवर चढायचा का? त्याचं फूटवर्क कच्चं होतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय बुटके कातळ चढायच्या खेळाचा, जनक मानला जाणारा अमेरिकन जॉन गिल निव्वळ ताकदीवर चढायचा की त्याच्या पायांतही काही होतं, ही पहिली. आणि सहा महिन्यांपूर्वी बोल्डरिंग सुरू केलेल्या माणसाने आधी ताकद कमवावी की पाय सुधारावेत, ही दुसरी. तुमच्या प्रश्नाखाली एकाने उत्तर देऊनही टाकलंय: 'गिल जिम्नॅस्ट होता, दंडांवर चढायचा, त्याची नक्कल करू नका.' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि ते मलाच उद्देशून होतं. म्हणून लिहायला बसलो.

पहिल्याचं उत्तर: नाही, नुसत्या ताकदीवर नाही. का ते सांगतो, पण त्याआधी मुंब्र्याला जावं लागेल.

मी मूळचा दोरीच्या मल्लखांबातला. आठव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत रोज संध्याकाळी दोर. ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे, दोरावर हात जेवढे लागतात तेवढाच पायाचा अंगठा लागतो. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर पकडायचा आणि त्या चिमटीवर अख्खं अंग तोलायचं. सुरुवातीला तिथली कातडी सोलून निघते. पुढे कॉलेजच्या मित्रांबरोबर डोंगरात जायला लागलो आणि मुंब्र्याच्या कातळांवर रविवारचं बोल्डरिंग सुरू झालं. तिथे आमचे एक सीनियर होते, त्यांना सगळेच दादा म्हणायचे. माणूस लाखात एक. पदरमोड करून त्यांनी पोरांना शिकवलं, स्वतःचे बूट दुसऱ्याच्या पायात घातले. आणि त्यांचा मंत्र एकच: पाय, पाय आणि पाय.

पहिल्याच रविवारी मी एका उभ्या कातळावर दोन्ही पाय हवेत सोडून नुसत्या हातांवर वर गेलो. वाटलं, पाठीवर थाप पडेल. दादा दहा पोरांसमोर म्हणाले, "जॉन गिलसारखे दंड घेऊन आलाय आणि गिलसारखाच पाय सोडून लोंबकळतोय. ही सर्कस झाली रे, क्लाइंबिंग नाही." गिल कोण हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. माझे मल्लखांबाचे सर त्याच वर्षी वारले होते. नऊ वर्षं त्यांनी जे माझ्या अंगात मुरवलं त्याला सर्कस म्हटलेलं मला आजही पचलेलं नाही.

त्या दिवसापासून माझे पुलअप्स बंद झाले. दादा दोन्ही मुठींत टेनिसचे चेंडू देऊन मला स्लॅबवर, म्हणजे मागे कललेल्या उतरत्या कातळावर चढवायचे, म्हणजे बोटं वापरताच येऊ नयेत. त्याचा फायदा झाला, ते नाकारत नाही. स्लॅबवर मी खरंच आंधळ्यासारखे पाय टाकायचो.

पण तिथेच एक बोल्डर होता. पोट पुढे आलेलं, म्हणून आम्ही त्याला म्हैस म्हणायचो. दहा-अकरा फूट उंच. खाली बसून सुरुवात, पोटाखाली दोन पकडी, मग डावा पाय बोटभर कंगोऱ्यावर ठेवून उजव्या हाताने वरच्या कडेकडे लांब झेप. मी झेप घ्यायचो, कडेला बोटं लागायची आणि नेमका त्याच क्षणी डावा पाय सुटायचा. बिजागरीवरचं दार उघडावं तसं अंग बाहेर फिरायचं आणि मी खाली. दादा म्हणायचे, "पाय बघ." मी पाय बघायचो. टाच खाली ठेवून पाहिली, वर उचलून पाहिली. बुटाची आतली कड लावली, बाहेरची लावली, तळ थुंकी लावून पुसला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एक रविवार चुकवला नाही. पाय सुटतच राहिला.

मार्चनंतर मुंब्र्याचा कातळ तापतो, हात लावायची सोय नसते. मी दादांना न सांगता व्यायामशाळेत परत गेलो. दोर हातांनी धरायचा, अंग जमिनीला आडवं करायचं आणि तसंच धरून ठेवायचं. आधी दोन्ही गुडघे छातीशी, मग एक पाय लांब, मग दोन्ही. चार महिने एवढंच. कंगोऱ्यावर पाय कसा ठेवायचा याचा सराव शून्य. पावसाळा संपला, कातळ वाळला, आणि म्हशीवर तिसऱ्या प्रयत्नात बोटं कडेला लागली तेव्हा डावा पाय होता तिथेच राहिला. वर जाऊन उभा राहिलो. खालून दादा आनंदाने ओरडले, "बघ! सुधारले की नाही पाय!"

मी गप्प राहिलो. त्यांना उलट बोलायची रीतच नव्हती. पाय जसेच्या तसे होते, दादा. पोट आणि पाठ तयार झाली होती, म्हणून पाय टिकला. एवढंच सांगायचं होतं आणि ते वीस वर्षं राहून गेलं.

आता गिल. जन्म १९३७चा, अलाबामातला. १९५३ साली, म्हणजे शाळकरी वयात, चढायला लागला. जॉर्जिया टेकमध्ये शिकायला गेला आणि तिथे जिम्नॅस्टिक्समध्ये शिरला: रिंग्ज आणि दोर. दोर म्हणजे वीस फुटांचा, बसून सुरुवात, पाय न लावता, घड्याळ लावून. रोप क्लाइंब ही तेव्हा जिम्नॅस्टिक्सची रीतसर स्पर्धा होती, १९३२च्या ऑलिंपिकमध्येसुद्धा होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याच्या नावाने मला हिणवलं तो माणूस दोराचाच निघाला! जिम्नॅस्ट हाताला लावतात ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड कातळावर आणली तीही त्यानेच, पन्नासच्या दशकात. तुमच्या कमरेला लटकणाऱ्या चॉकबॅगेतली पूड, म्हणजे चॉक, ही त्याची देणगी आहे. (आमच्या पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल चोळतात, तिथे अंग सरकायला हवं असतं. त्यामुळे चॉक हातात घेतल्यावर पहिले कित्येक दिवस मला चुकल्यासारखं वाटायचं.)

त्याची ताकद खरीच अचाट होती. एका हाताच्या एका बोटावर पुलअप. आणि एका हाताने फ्रंट लिव्हर, म्हणजे बारला एकाच हाताने लटकायचं आणि अंग फळीसारखं जमिनीला समांतर ठेवायचं. लोक हे ऐकतात, दंड डोळ्यांसमोर आणतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. अहो, पण फ्रंट लिव्हर म्हणजे काय ते एकदा करून बघा. सगळ्यात आधी दुखतं ते दंडात नाही. काखेपासून कमरेपर्यंतची पाठ आणि बेंबीखालचं पोट पेटतं. छातीपासून पायाच्या बोटांपर्यंत अंग एकसंध धरायची ती ताकद आहे. ओव्हरहँगवर, म्हणजे अंगावर झुकलेल्या कातळावर, पाय कातळाला चिकटलेला राहतो तो या एकसंधपणामुळे. उभ्या कातळावर आणि स्लॅबवर वजन पायात आपोआप उतरतं, तिथे अचूक जागा शोधली की काम होतं. कातळ डोक्यावर आला की वजन पायातून निघून जातं, आणि तिथे पाय 'ठेवून' भागत नाही, दाबून आणि ओढून धरावा लागतो. मग ते फूटवर्क म्हणायचं की ताकद? मला तरी तिथे रेघ ओढता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांनी ओव्हरहँग फारसा केलेला नसतो असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच्या बुटांचाही विचार करा. आज आपण घालतो ते चिकट रबर क्लाइंबिंगच्या बुटांना ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. गिलची मोठी कामं त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हाच्या रबरावर ओव्हरहँगमध्ये पाय सुटणं हे रोजचंच, आणि सुटलेला पाय परत आणायला पुन्हा तीच पोट-पाठ लागायची. आजचे मऊ बूट घालून त्याच्या पायांना नावं ठेवणं मला पटत नाही.

आणि थिंबल विसरू नका. साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये नीडल्स म्हणून ग्रॅनाइटचे सुळके आहेत, थिंबल हा त्यातला एक छोटा, साधारण तीस फूट. १९६१ साली गिल तो दोराशिवाय चढला. खाली गाड्या लावायची जागा आणि तिचा कठडा, म्हणजे पडलात तर नेमके त्याच्यावर. पडल्यावर झेलणारी जाड गादी, क्रॅशपॅड, ही चीज यायला अजून तीसेक वर्षं होती. तिथला ग्रॅनाइट स्फटिकांच्या गाठींनी भरलेला. हाताने त्या गाठी चिमटीत दाबायच्या आणि पायाने तशाच गाठींवर उभं राहायचं. तो तेव्हा हवाई दलात होता, मोंटानात. तळावरच्या जिमच्या भिंतीतून बाहेर आलेले नटबोल्ट चिमटीत दाबून त्याने बोटं तयार केली. मग कातळाचा खालचा भाग पुन्हा पुन्हा चढला-उतरला, एकेक हालचाल अंगात बसवली, आणि मग वर गेला. आता सांगा, तीस फुटांवर, कठड्याच्या वर, स्फटिकाच्या दाण्यावर उभा राहिलेला माणूस पायांत कच्चा असेल? चढलेलं परत उतरून बघा एकदा. उतरताना नुसते दंड कामाला येत नाहीत, पायांना आधीची जागा आठवावी लागते.

डायनोबद्दलही, म्हणजे पकडीकडे घेतलेल्या झेपेबद्दलही, लोक असंच बोलतात. त्याच्या आधीची शिकवण होती की चार अवयवांपैकी तीन कायम कातळावर हवेत, एका वेळी एकच हलवायचा. उडी मारणं म्हणजे तंत्र संपल्याची कबुली समजली जायची. गिलने झेपेलाच तंत्र बनवलं. अंग वर फेकायचं आणि जिथे वर जाणं थांबतं पण खाली येणं सुरू झालेलं नसतं, त्या पापणी लवायच्या आतल्या क्षणात पकड धरायची. झेपेचा जोर येतो पायातून. मल्लखांबाच्या कुठल्याही पोराला उडी म्हटलं की हे सांगावं लागत नाही.

मला सगळ्यात भावतो तो त्याचा डौलाचा आग्रह. अमेरिकन अल्पाइन जर्नलच्या १९६९च्या अंकात त्याने बोल्डरिंगवर लेख लिहिला आणि बोल्डरिंगचं नातं जिम्नॅस्टिक्सशी जोडलं. घड्याळाचा दोर सोडला तर जिम्नॅस्टिक्समध्ये वर पोचलात म्हणून गुण मिळत नाहीत, कसे पोचलात त्याचे मिळतात. एकदा जमलेला प्रॉब्लेम, म्हणजे बोल्डरवरची ठरावीक चढाई, तो पुन्हा पुन्हा करायचा, हालचाल वाहती होईपर्यंत. आमचे सर हेच करून घ्यायचे: पायाचा चवडा ताणलेला नसेल तर आसन परत. त्याची श्रेणीपद्धतही वेगळीच होती. बी-वन म्हणजे तेव्हाच्या दोर लावून केलेल्या सर्वांत अवघड चढाईच्या तोडीचं, बी-टू त्याहून अवघड, आणि बी-थ्री म्हणजे इतरांनी प्रयत्न करूनही एकदाच जमलेलं. दुसऱ्या कुणाला जमलं की बी-थ्री आपोआप खाली. आकड्यांच्या मागे धावणाऱ्याने अशी पद्धत काढली नसती. पेशाने तो गणिताचा प्राध्यापक, कोलोरॅडोतल्या पुएब्लोमध्ये शिकवायचा.

'ताकद विरुद्ध तोल' हे भांडण गिलच्याही आधी निकालात निघालंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वेल्समध्ये ऑस्कर एकेन्स्टाइन बोल्डरवर सराव करायचा. १९०२च्या के-टू मोहिमेचा नेता तोच. तोलावर चढायचा पुरस्कर्ता म्हणून तो ओळखला जातो, आणि एका हातावर अंग वर खेचायचा अशीही त्याची ख्याती होती. एकाच माणसात दोन्ही.

तुमचा दुसरा प्रश्न. सहा महिन्यांत काय करावं हे तुम्ही कुठे अडकता त्यावर आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. स्लॅबवर घसरत असाल तर टेनिसचे चेंडू घ्या, दादांचा तो उपाय रामबाण आहे. ओव्हरहँगवर पाय सुटत असतील तर 'पाय बघ' म्हणणाऱ्याचं ऐकून चार महिने घालवू नका. बारला लटका, गुडघे छातीशी घेऊन पाठ आडवी करा, दहा सेकंद धरा, आठवड्यातून तीन दिवस.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी प्रशिक्षक नाही. एका बोटाच्या पुलअपच्या वाटेला पहिली काही वर्षं जाऊच नका. स्नायू लवकर तयार होतात, बोटांचे टेंडन फार सावकाश, आणि ते एकदा गेले की वर्ष जातं. गिल सहा फुटांच्या वर उंच होता, त्याच्या झेपा पाच फूट चारच्या माणसाला तशाच्या तशा लागू होत नाहीत. माझ्या अंगात दोर नऊ वर्षं मुरलेला होता, तेव्हा माझे चार महिने म्हणजे तुमचे कदाचित दहा. आणि ग्रॅनाइटच्या गाठींवरचं सगळं आपल्या बेसॉल्टच्या कंगोऱ्यांना चालेलच असं नाही.

दादा आता सत्तरीला आलेत, दिवाळीनंतरच्या रविवारी अजून मुंब्र्याला येतात. तुम्ही मुंबई-ठाण्याकडचे असाल तर या, म्हैस दाखवतो. डावा पाय नेमका कुठे ठेवायचा ते दादाच सांगतील, त्यांच्याइतकं बारीक कुणाला दिसत नाही. तो सुटायला लागला की माझ्याकडे या, झाडाला दोर बांधलेला असेल.