वाचकांचे प्रश्न : उजेडाच्या मोजपट्टीने रक्त, सोने आणि सूर्य

या वेळी निवडलेली पाच पत्रे वरवर पाहता पाच निराळ्या विषयांची आहेत. परंतु प्रत्येक ठिकाणी मोजणारे यंत्र प्रकाशाचे आहे (एका ठिकाणी ते तसे आहे असा केवळ समज आहे), म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या रक्ताचा नमुना ‘लायपेमिक’ (चरबीमुळे दुधाळ) असल्याचा शेरा मारून प्रयोगशाळेने पुन्हा रक्त मागितले आणि पैसेही पुन्हा घेतले. रक्त देण्यापूर्वी दोनच तास आधी ते लग्नाचे जेवण जेवले होते, हे खरे. पण साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) मोजताना तुपाचा काय संबंध? हा बहाणा तर नव्हे? – एक वाचक, सातारा

उत्तर : बहाणा नव्हे. पैसे पुन्हा घ्यावेत का, याबद्दल आमचे मत तुमच्यासारखेच आहे. नमुना नाकारणे मात्र योग्यच होते.

रक्तातल्या साखरेला स्वतःचा रंग नसतो, म्हणून प्रयोगशाळेत आधी तिच्यापासून रंग तयार करून घ्यावा लागतो. रक्तपेशी खाली बसवल्यावर वर राहणाऱ्या निवळ द्रवाचे 10 मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा, सुमारे 1 मिलिलिटर अभिकर्मकात (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या द्रावणात) मिसळतात. त्यातले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) साखरेवर काम करते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. पेरॉक्सिडेज हे दुसरे विकर त्या पेरॉक्साइडच्या साहाय्याने गुलाबी रंगद्रव्य बनवते. साखर जितकी जास्त, तितका गुलाबी रंग गडद. मग त्या द्रावणातून 505 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवट प्रकाश सोडून पलीकडे किती पोहोचला, ते यंत्र पाहते. दहातला एक भाग पोहोचला तर शोषण 1 आणि शंभरातला एक भाग पोहोचला तर 2 असे मानतात. या हिशेबाने रंगद्रव्य दुप्पट झाले की शोषणही दुप्पट होते. लाम्बर्ट (1760) आणि बेअर (1852) यांच्या नावांनी ओळखला जाणारा नियम तो हाच. समजा, 100 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर साखर असलेल्या प्रमाण द्रावणाचे शोषण 0.30 आले आणि वडिलांच्या नमुन्याचे 0.36 आले, तर त्यांची साखर 120 होय.

या सगळ्यात यंत्राला साखर कोठेही ‘दिसत’ नाही. पलीकडे पोहोचलेला प्रकाश घटला, एवढेच त्याला कळते आणि ती घट गुलाबी रंगामुळेच झाली असे आपण गृहीत धरलेले असते. तुपातेलाच्या जेवणानंतर काही तास रक्तद्रवात चरबीचे सूक्ष्म कण तरंगत असतात आणि तो दुधाळ दिसतो. हे कण प्रकाश शोषत नाहीत, तो चहूकडे विखुरतात. आंबोलीच्या घाटातल्या धुक्यात गाडीचा दिवा पुढे न जाता आजूबाजूला पांढरा पसरतो, त्याचाच हा छोटा नमुना. विखुरलेला प्रकाश पलीकडे पोहोचत नाही आणि तोही यंत्र साखरेच्याच खात्यावर मांडते. क्रिएटिनिनच्या जाफे पद्धतीत पिक्रिक आम्लामुळे तयार होणारा नारिंगी रंग मोजतात, तेथेही तीच अडचण. हिमोग्लोबिनही रंगावरूनच मोजले जात असल्याने ते खोटे वाढलेले दिसू शकते. अशा वेळी अहवालातला एमसीएचसी (तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिनचे प्रमाण) हा आकडा अशक्य वाटावा इतका चढतो आणि जाणकार तंत्रज्ञ तेथेच थांबतो.

अनेक यंत्रे दुसऱ्या एका तरंगलांबीवर मोजून हा गढूळपणा वजा करण्याचा प्रयत्न करतात. परंतु आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतो आणि लांब तरंगलांबीचा कमी, त्यामुळे ही वजाबाकी नेमकी बसत नाही. नमुना फारच दुधाळ असेल तर ती मुळीच विश्वासार्ह नसते. दहा-बारा तासांच्या उपासानंतर घेतलेले रक्त हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्रश्न : मनगटावरचे घड्याळ रक्तातील ऑक्सिजन सांगते, तर मग सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळे बाजारात आहेत त्यांच्यावर विश्वास ठेवावा काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ठेवू नये. ऑक्सिजन आणि साखर यांत मूलभूत फरक आहे. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन मिळाला की त्याचा रंगच बदलतो. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन 660 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश जास्त शोषते आणि ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन 940 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश जास्त शोषते. बोटातील त्वचा, हाड आणि स्नायूही प्रकाश अडवतात. परंतु त्यांचे अडवणे स्थिर असते आणि धमनीतल्या रक्ताचे नाडीच्या ठोक्याबरोबर कमीजास्त होते. हा हलणारा भाग तेवढा वेगळा काढून दोन रंगांचे गुणोत्तर घ्यावे, ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, 1974 ची. (नखांवरचे गडद रंग, गार पडलेली बोटे आणि सावळी त्वचा यांमुळे तिलाही चकवा बसतो.)

साखर रंगहीन आहे. अवरक्त प्रकाशात तिची शोषणाची ठिकाणे आहेत. पण ती दुर्बळ आहेत, आणि त्याच पट्ट्यात पाणी कितीतरी अधिक प्रकाश शोषते. साखर 100 असते तेव्हा एका लिटरमागे ती केवळ 1 ग्रॅम असते, बाकी बहुतेक पाणीच. रामन यांनी 1928 मध्ये कोलकात्यात दाखवलेल्या विकिरणाने (प्रकाशाच्या एका खास विखुरण्याने) साखरेची ओळख नेमकी पटते, परंतु त्यात मिळणारा संकेत इतका क्षीण असतो, की कोटीभर प्रकाशकणांतला एखादाच उपयोगी पडतो. प्रयोगशाळांत या दिशेने प्रामाणिक काम चालू आहे. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट इशारा दिला, की स्वतःच्या बळावर साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. अशा आकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिनची मात्रा ठरवली, तर चूक जिवावर बेतू शकते.

प्रश्न : आजीची पाटली एका सराफाच्या कॅरेटमीटरवर 91 टक्के भरली, दुसऱ्याच्या 87. कोण खोटे बोलतो? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा कोणीच नाही. कॅरेटमीटरमध्ये डोळ्याला न दिसणारा प्रकाश असतो, म्हणजे क्ष-किरण. ते धातूवर पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकते : तांबे 8, सोने 9.7 आणि चांदी 22 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ. कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले, त्यावरून प्रमाण काढतात. हे किरण बाहेर निसटू शकतात ते मात्र अगदी वरच्या थरातून; सोन्यासारख्या जड धातूत हा थर साधारण दहा मायक्रोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. त्याखाली काय आहे, हे यंत्राला ठाऊक नसते.

जुना दागिना तेजाबात उजळला, की पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि वरचा थर मूळ धातूपेक्षा शुद्ध होतो. डाक लावलेल्या जोडाजवळ मोजले तर आकडा उतरतो. सोन्याचे जाड पाणी दिलेले असेल, तर यंत्र त्या पाण्याचीच शुद्धता सांगते. म्हणून एकाच जागेचा आकडा न मानता चार-पाच ठिकाणी मोजायला सांगावे आणि शक्य असल्यास एक जागा किंचित घासून घ्यावी. वादाचा निकाल लावायचा तर आजही आगीचीच परीक्षा : वजन केलेला तुकडा शिसे आणि चांदीबरोबर तापवून हीण धातू काढून टाकायचे, नायट्रिक आम्लात चांदी विरघळवायची आणि उरलेले सोने पुन्हा तोलायचे. त्यासाठी दागिन्याचा थोडा अंश मात्र गमवावा लागतो.

प्रश्न : आमच्या गावच्या संकलन केंद्रावरील यंत्र दुधातील फॅट उजेडानेच सांगते ना? – एक दूध उत्पादक, संगमनेर तालुका

उत्तर : बहुधा नाही. गावपातळीवरची बरीच यंत्रे श्राव्यातीत ध्वनीवर (अल्ट्रासाउंडवर) चालतात. मोठ्या दुग्धशाळांत मात्र अवरक्त प्रकाशाची यंत्रे असतात : 5.7 मायक्रोमीटरजवळ स्निग्धांश, 6.5 जवळ प्रथिने आणि 9.6 जवळ दुग्धशर्करा प्रकाश शोषते. स्निग्धांशाचे थेंब येथेही प्रकाश विखुरतात, म्हणून मोजण्याआधी दूध दाबाने बारीक छिद्रातून ढकलून ते फोडतात. साताऱ्याच्या वाचकांनी हे जरूर वाचावे.

प्रश्न : हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, हे खरे काय? – एक शिक्षिका, देवगड

उत्तर : आपला रोष पत्करून सांगावे लागते, की नाही. उकळत्या भाताचे मीठ घातलेले पाणी उतू गेले, की गॅसची निळी ज्योत पिवळी होते. तो सोडियमचा प्रकाश, 589 नॅनोमीटरच्या दोन चिकटून असलेल्या रेषांचा. वायुरूप अणूंच्या रेषा अशा बारीक आणि ठरलेल्या असतात, त्यामुळे मूलद्रव्य पृथ्वीवर असो वा सूर्यावर, ते रेषेवरून ओळखता येते. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूर येथे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जानसेन यांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गाची कथा ज्यांच्या नावाने सांगतात, ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ग्रहणावाचूनच 20 ऑक्टोबर 1868 रोजी ज्वालांच्या रेषा पाहिल्या. त्यांतली पिवळी रेषा 587.6 नॅनोमीटरवर होती, म्हणजे सोडियमच्या शेजारी, पण सोडियमची नव्हे; तीच हेलियमची. पृथ्वीवर हेलियम सापडला तो 1895 मध्ये, विल्यम रॅम्झी यांना, युरेनियमच्या एका खनिजात.

लॉकियर विजयदुर्गावर आले, हे मात्र निःसंशय खरे आहे. ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी आले होते. किल्ल्यावर दाखवले जाणारे ‘साहेबाचे कट्टे’ त्या ग्रहणाचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याच दिवशी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली वर्णपटाची उपकरणे मांडून बसले होते. त्यांच्या नावाचा कट्टा जेऊरला कोणी दाखवतो की नाही, हे तिकडच्या वाचकांनी कळवावे.